एकदा हो म्हणा, नाहीतर नाही

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते. होळकर कॉलेजात शिकले, मग फिजिक्स शिकवण्यात सगळी नोकरी गेली. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आमच्या घरापासून फार लांब नाही. आम्ही जुनी माणसं त्याला अजून ‘कॅट’च म्हणतो. पण हे पत्र आहे तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या डोंगराबद्दल, म्हणजे त्याच्या पोटात व्हायच्या आणि रखडलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेबद्दल.

न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशातूनही आरपार जाणारा अतिसूक्ष्म कण. माझा एक विद्यार्थी तो टिपणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डिटेक्टरवर, पीएच.डी. करायला दक्षिणेत गेला. दोन काचा, मध्ये गॅस, वर हजारो व्होल्ट. मधून विद्युतभारित कण गेला की ठिणगीएवढा सिग्नल मिळतो. अशा काचा जोडण्यात त्याची चार वर्षं गेली. ज्या मोठ्या डिटेक्टरसाठी ही तालीम चालली होती, तो काही उभा राहिला नाही. शेवटी त्यानं विषय बदलला आणि थंड अणूंकडे वळला.

थेनीच्या त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली होती. खर्च सुमारे १,५०० कोटी, डोंगराच्या पोटात ५०,००० टन चुंबकित लोखंड. चुंबक अशासाठी, की न्यूट्रिनोपासून झालेला म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) एकीकडे वळतो आणि प्रतिन्यूट्रिनोपासून, म्हणजे त्याच्या प्रतिकणापासून, झालेला दुसरीकडे. न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांमध्ये जड कोण, हलका कोण, हे त्यावरून ठरवायचं होतं. २०१७ मध्ये हरित लवादानं पर्यावरण मंजुरी थांबवली, २०१८ मध्ये ती पुन्हा मिळाली, २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनं सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. दरम्यान चीनचा जुनो डिटेक्टर त्याच प्रश्नाच्या मागे लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मोजमापाला बसलासुद्धा.

विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि काही करत नाहीत, हे खरंच. पण पश्चिम घाटाच्या जंगलाची आणि पाण्याची काळजीही तितकीच खरी. ‘कण निरुपद्रवी आहे’ हे ‘सुरुंग कुठे लावणार’ याचं उत्तर होत नाही. हे बोलणं गावात बसून, तमिळमध्ये आणि मंजुरीच्या आधी व्हायला हवं होतं.

याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण या कामात आपण एकेकाळी पुढे होतो. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. पुढे खाण बंद झाली आणि तेवढी खोल जागा पुन्हा मिळाली नाही.

आता थंड अणूंचं. राजवाड्यासमोर ऐन दिवाळीच्या गर्दीत उलट दिशेनं निघा. समोरून एकेक धक्का बसत तुमची चाल मंदावते. लेझरचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, अणूला तसेच धक्के देतात. खोलीच्या तापमानाला सेकंदाला तीनेकशे मीटर धावणारा रुबिडियमचा अणू जवळजवळ जागच्या जागी येतो, म्हणजेच थंड होतो. हे काम आमच्या कॅटमध्येही चालतं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे, म्हणजे ६,००३ कोटींमुळे, या विषयाला बरे दिवस आलेत. चांगलंच आहे.

पण गंमत बघा. माझा विद्यार्थी परदेशी गेला आणि फिरून न्यूट्रिनोपाशीच पोचला. ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सर्गी जड हायड्रोजनच्या, ऱ्हासात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा बारकाईनं मोजली, तर न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा अंदाज येतो. जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगानं २०२५ मध्ये वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली आणली. तिथे ट्रिटियमचे रेणू वापरतात, आणि रेणूच्या थरथरीमुळे मोजमाप थोडं पुसट होतं. म्हणून आता सुटे अणू अतिशय थंड करून चुंबकीय सापळ्यात धरायचा खटाटोप चाललाय. न्यूट्रिनो आणि थंड अणू, दोन्ही कामांत हात बसलेला माणूस त्यांना हवाच होता. तो आपल्याकडे तयार झाला आणि आपणच वाटेला लावला.

माझी मागणी एवढीच: थेनीबद्दल तारीख घालून लेखी निर्णय द्या. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहा, म्हणजे मुलं दुसरी वाट धरतील आणि काचा जोडणारे हात दुसऱ्या प्रयोगाला लागतील. ‘हो’ असेल तर आधी गावात जा. ‘विचाराधीन’ हा शब्द मात्र नको. त्यात एकेका मुलाची चार-चार वर्षं जातात.

उत्तर साध्या टपालानं आलं तरी चालेल. तो दिवाळीला घरी येतो, तेव्हा त्याला दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
राजेंद्रनगर, इंदूर