मुलास पत्र : आधी पाणी मोज, मग हेड उघड

चि. बाळ्या,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालास ना, आपली जुनी पद्मिनी गाडी आठवड्याला लिटरभर पाणी पितेय आणि गॅरेजवाला म्हणतोय हेड गॅस्केट गेलंय, शनिवारी गाडी सोडा, हेड उतरवतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. तुझे बाबा लगेच म्हणाले, "उतरव म्हणावं, एकदाचं होऊन जाऊ दे." त्यांचं तसंच आहे, हातात पाना आला की यांना सगळीकडे नट दिसतात. फोनवर मला धड बोलता आलं नाही, इकडे कुकरच्या शिट्ट्या आणि तिकडे तुझं नेटवर्क, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, पण शनिवारच्या आत पूर्ण वाच.

गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंच नसेल असं नाही म्हणत मी. पण तो कशावरून म्हणतोय हे विचारलंस का? तर म्हणे ऑइलच्या टोपणाला आतून पांढरं लागलंय. बस, एवढंच? अरे तू गाडी घरापासून ऑफिसपर्यंत चार किलोमीटर नेतोस, इंजिन नीट तापायच्या आत बंद करतोस, मग आतली वाफ टोपणाला चिकटते आणि ऑइलशी घुसळून सायीसारखी होते, थंडीत तर हमखास. डिपस्टिक काढून बघ. तिच्यावरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर गाडीला चावीसुद्धा लावू नकोस, सरळ टो करून ने. पण स्टिक स्वच्छ असेल तर नुसत्या टोपणावरच्या सायीवरून कुणी हेड उतरवत नाही.

आता तुला आमची गोष्ट सांगते, बाबांनी अर्धीच सांगितली असणार. ९२-९३ ची असेल, तू तेव्हा झाला नव्हतास. मे महिन्यात मुंबईहून लग्न उरकून येत होतो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी, आणि कसारा घाटात मधोमध बोनेटमधून वाफ. चाकामागे दगड लावले, माणसं खाली उतरवली. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने सल्ला दिला, हळद टाका, भोक बुजतं. आहेरात हळदकुंकवाचे पुडे होतेच, बाबांनी रेडिएटरमध्ये सबंध पुडा रिकामा केला! घाटनदेवीपर्यंत गाडी आली खरी, बाबांचा चेहरा तर असा की जणू देवीच पावली. पण पुढे महिनाभर गाडी गरमच व्हायला लागली, शेवटी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली तेव्हा आत पिवळा लगदा, बारीक नळ्यांपैकी निम्म्या बंद. त्याने एकेका नळीतून पट्टी घालून रॉडिंग केलं आणि मला म्हणाला, "ताई, हळद जखमेला." तर तुला कुणी हळद सांगितली किंवा ती लीक बंद करायची बाटली सांगितली तर ऐकू नकोस, रस्त्यात अडकलास तर गोष्ट वेगळी.

आणि एवढं करून पाणी जायचं थांबलं का? नाही. दर आठ-दहा दिवसांनी कमी. खाली थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, पाण्याचे रबरी होस कोरडे. मग एका गॅरेजवाल्याने (नाव नाही घेत, तो माणूस आता नाही) असंच छातीठोक सांगितलं की गॅस्केट. हेड उतरवलं, लेथवर फेसिंग करून सपाट केलं, नवीन गॅस्केट, बाबांचा जवळजवळ एक पगार गेला. पुढच्या रविवारी मुंबईला जाऊन आलो आणि परत पाणी कमी!

तेव्हा मी वही केली. शाळेत शास्त्र शिकवायचे, पोरांना सांगायचे निरीक्षण लिहा आणि घरात मात्र सगळे अंदाजपंचे. तीन रकाने, तारीख, किलोमीटर आणि फुलपात्री. आपलं ते स्टीलचं कडेला चेपलेलं फुलपात्र आठवतं ना, औषधाच्या मापाने मोजून बघितलं तर बरोबर दोनशे मिली. रोज सकाळी गाडी थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडायचं आणि ठरलेल्या खुणेपर्यंत किती फुलपात्री लागली ते लिहायचं. दीड महिन्याने वही वाचली तर नाशिकमध्ये, म्हणजे शाळा, बाजार, नाशिकरोड स्टेशन, असं दोनेकशे किलोमीटर फिरलो तरी शून्य. सप्तशृंगी गडावर जाऊन आलो, तीन फुलपात्री. मुंबई, चार. म्हणजे जायचं ते फक्त चढाला आणि लांबच्या रस्त्याला. उभ्या गाडीतून थेंब नाही.

मग होतं काय, तर रेडिएटरचं टोपण. आपल्या नाशिकची उंची साधारण सहाशे मीटर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. ते टोपण आत दाब धरतं, दर एक पौंड दाबामागे उकळायची पायरी दीडेक डिग्रीने वर जाते, म्हणून गाडी घाट चढते. आमच्या टोपणाचं रबर वाळून पापडासारखं कडक झालं होतं आणि स्प्रिंग ढिली. गावात दाबच फारसा चढायचा नाही. घाटात चढला की टोपण आधीच उचलायचं आणि पाणी बाजूच्या बारीक नळीतून थेट रस्त्यावर, आपल्या गाडीला ते साठवायची बाटली नाहीच. घरी येईपर्यंत सगळं वाळलेलं, मग थेंब दिसणार कुठून? नवं टोपण आणलं, विषय संपला. हेडचे पैसे गेले ते गेले, बाबा अजून म्हणतात की फेसिंगने इंजिन स्मूद झालं. होऊ दे.

तर तुझं टोपणच असेल असंही नाही, तुझी गाडी तर ऑफिसपर्यंतच जाते. म्हणून आधी वही. आणि हो, तू पाणी काठोकाठ भरतोस का? भरत असशील तर त्यातलं थोडं जाणारच. पाणी तापलं की फुगतं, साध्या पाण्याचं धर, पाच लिटर असेल तर उकळीपर्यंत दोनशे मिली जास्तीचं होतं, म्हणजे बरोबर एक फुलपात्र, ते नळीतून बाहेर. सकाळी तू बघतोस, अरे कमी झालं, परत काठोकाठ, परत बाहेर. अशी माणसं वर्षानुवर्षं गाडीला पाणी पाजतात. टोपणाच्या खाली बोटाची दोन पेरं सोडून भर आणि आतल्या नळ्या बुडाल्यात ना एवढं बघ, मग आठवडाभर हात लावू नकोस. तिथेच थांबलं तर गाडीला काही झालेलं नाही, शनिवारी गॅरेजऐवजी घरी ये, मी मटकीची उसळ करते.

थांबलं नाही तर शोधायचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा घाल आणि पुढच्या चाकांच्या जागी खुणा कर, म्हणजे थेंब कुठे पडला ते कळेल. होसची क्लिप कधीकधी गाडी थंड झाल्यावरच गळते, सगळं आकसतं म्हणून, आणि गरम झाली की आपोआप बंद, गॅरेजात चालू इंजिन बघणाऱ्याला ते सापडतच नाही. पाणी फिरवणाऱ्या पंपासाठी मात्र बोनेट उघडून पुढे बघू नकोस, वर बघ, बोनेटच्या आतल्या बाजूला. पंपाच्या शाफ्टमधून बारीक गळत असेल तर पंखा ते थेंब फेकतो आणि बोनेटच्या पत्र्याला पंख्याच्या बरोबर वर आडवी ठिपक्यांची ओळ उमटते, पाण्यात कूलंट मिसळलेलं असेल तर हिरवट, नुसतं पाणी असेल तर पांढरी, मिठासारखी. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं कुणी ब्रश झटकलाय. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, तिथून पाणी आलं तर आतलं सील गेलं असं समज. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, कुणी बुजवून देतो म्हणाला तर देऊ नकोस, ते पाणी मग बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा हलायला लागतो. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या दाबून बसवलेल्या पत्र्याच्या टोप्या असतात, टॉर्च मारून त्यांच्या कडा बघ, गंजाचा ओघळ असेल तर ती आतून खाल्ली गेलीये. एक्झॉस्टच्या बाजूची असेल तर तिथलं पाणी खाली पडायच्या आधीच उडून जातं, फक्त डाग राहतो.

बाहेर सगळं कोरडं निघालं तरच गॅस्केटचा विचार, आणि तोही हेड न उघडता करता येतो. गाडी रात्रभर थंड असताना फॅन बेल्ट काढ, म्हणजे पंप फिरणार नाही, रेडिएटरचं टोपण काढून ठेव आणि इंजिन चालू कर, एक मिनिट, जास्त नाही. पाणी शांत असेल तर ठीक. भजी तळताना येतात तसे बुडबुडे येत राहिले तर जळालेला गॅस पाण्यात शिरतोय. नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवा पण बुडबुडे काढते, म्हणून भरल्यावर एकदोन दिवस चालवून मगच बघ. दुसरं, चारही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेव, तीन तपकिरी आणि एकच घासल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. आणि गॅरेजवाल्याला सांग, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दे आणि पंधरा मिनिटं काटा बघत बस, ते यंत्र त्याच्याकडे असायलाच हवं. टोपणसुद्धा त्याच पंपावर तपासता येतं. टोपणावर जो आकडा असतो त्याच्या वर दाब न्यायचा नाही आणि नवं आणलंस तर त्याच आकड्याचं, बरं म्हणून जास्तीचं लावशील आणि चाळीस वर्षांचा रेडिएटर फाटेल. हे सगळं करून तो गॅस्केट म्हणाला तर खुशाल उतरवू दे, मी एक शब्द बोलणार नाही.

आणखी एक, तू नळाचंच पाणी टाकतोस ना? आजोबा इंदिरानगरच्या बोअरचं टाकायचे, तुला आठवत असेल आपल्या बादल्यांना पांढरी खपली धरायची, तीच खपली इंजिनात. शिवाय आपला ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोन धातू साध्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नाशिकला काही पाणी गोठत नाही, पुण्यातही नाही, कूलंट घालायचं ते यासाठी. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. पण आत्ता गळती शोधताना सांडलं तर लगेच पुसून टाक, ते गोड असतं आणि तुमच्या सोसायटीतली कुत्री चाटतील, विष आहे ते.

गरम टोपण उघडू नकोस. हे तुला सांगायला नको, पण बाबांच्या मनगटावरचा तो डाग कसा आलाय ते तुला माहीत नाही, ते सांगतात कढईचं तेल. अर्धा तास थांबायचं. आणि टेंपरेचरचा काटा खाली आहे म्हणून निवांत राहू नकोस, पाणी फारच खाली गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काटा थंड दाखवतो, इंजिन आत भाजत असतं, आणि ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की मग खरंच गॅस्केटचं काम निघतं.

गाडी नाशिकला आणायची घाई करू नकोस, चंदनापुरीचा घाट आणि पुढे सिन्नरचा मोहदरी, पाणी कुठे जातंय ते कळेपर्यंत नको.

फुलपात्र कुरिअरने पाठवलंय, चिवड्याच्या डब्यात खाली आहे, डबा रिकामा करायच्या आधी फेकून देऊ नकोस. वही तुझी तू कर. बाबा विचारतायत, प्लग शेवटचे कधी बदलले.

तुझी,
आई