मिलिंदास पत्र: विषय सोडू नकोस

नागपूर

प्रिय मिलिंद,
सप्रेम जय भीम.

पर्यावरणीय न्यायात, म्हणजे प्रदूषणाची झळ कुणाला जास्त बसते या विषयात, आता नवीन शोधण्यासारखं काही उरलं नाही, असं तुझे गाईड म्हणाले ना? मला ते अजिबात पटलं नाही. आपल्याकडे हे संशोधन अजून धड सुरूच झालेलं नाही.

अमेरिकेत 1982 साली वॉरन काउंटीतल्या कृष्णवर्णीयांनी त्यांच्या भागात टाकायला आणलेल्या विषारी मातीचे ट्रक रस्त्यावर आडवं पडून अडवले. 1987 मध्ये तिथल्या एका चर्चच्या वांशिक न्याय आयोगाच्या अहवालानं दाखवलं, की घातक कचऱ्याची जागा ठरण्याशी उत्पन्नापेक्षाही वंशाचा संबंध जास्त आहे. जनगणनेत वंश नोंदलेला होता, म्हणून ते सिद्ध करता आलं. आणि आपलं चवदार तळं 1927 चं, वॉरन काउंटीच्याही 55 वर्षं आधीचं! पाणी कुणाचं, हा प्रश्न आपण कधीच विचारला होता.

आता नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे बघ. 2022 च्या जुलैत त्याचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचा गाळ शेतांत शिरला. नुकसानभरपाई सातबारा बघून मिळते. मक्त्यानं शेती करणाऱ्याचं नाव सहसा त्यावर नसतं, मजुराचं तर नसतंच. जनगणनेत अनुसूचित जातींचे आकडे मिळतात, पण गावाचे. गावातली कोणती वस्ती उताराला, नाल्याकाठी आहे, ते त्यात दिसत नाही. तिथे घरोघर बसूनच नकाशा काढावा लागेल. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था याच शहरात आहे. हवेतल्या धुळीचं मोजमाप आणि असा नकाशा शेजारी ठेवणं, हे पुढच्या दहा वर्षांचं काम आहे.

उन्हाचंही तेच. पेपरात येणारा पारा सोनेगावच्या विमानतळावरचा. टिनाच्या छपराखालची मे महिन्यातली रात्र कोण मोजतो? मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क कलम 14 आणि 21 मधून मान्य केला. 14 म्हणजे समानता. मग झळ असमान आहे, याचा पुरावा कोर्टासमोर कोण ठेवणार? तुम्ही समाजशास्त्रवालेच ना!

एक मात्र कर. प्रश्न गावात बसून ठरव, आणि प्रबंधातलं निदान एक प्रकरण मराठीत लिहून ग्रामसभेत वाच. माहिती घेऊन गेलेले परत फिरकत नाहीत, हे लोक बोलून दाखवतात आणि मला त्याची खरंच लाज वाटते.

दिवाळीत ये, दोघं कोराडीकडे जाऊ. आराखडा गाईडकडे देण्याआधी मला पाठव.

तुझा,
प्रशांत