आईच्या रिपोर्टवरील चार अक्षरे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या रिपोर्टवर टीएसएचच्या, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या, आकड्याजवळ छापलेली 'सीएलआयए' ही अक्षरे कशाची, असे बाबांनी परवा विचारले आणि मी घाईत फोन ठेवला. ते माझेच काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सीएलआयए म्हणजे केमिल्युमिनेसन्स इम्युनोअ‍ॅसे: रासायनिक क्रियेतून निघणारा उजेड मोजून केलेली प्रतिपिंडांची चाचणी.

अंबाजोगाईहून लातूरला गेलेल्या त्या रक्तात टीएसएच अत्यंत सूक्ष्म प्रमाणात असते. एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्याला धरून ठेवते, दुसरे प्रतिपिंड एक विकर (एन्झाइम) सोबत घेऊन त्याला चिकटते. बाकीचे सारे धुऊन टाकल्यावर त्यात विकरामुळे उजेड देणारे रसायन, म्हणजे अभिकर्मक, घालतात आणि निघालेला उजेड यंत्र मोजते. बाहेरून प्रकाश टाकावाच लागत नाही, ही यातली खरी खुबी. वीज गेलेल्या रात्री दूरच्या आखाड्यावर कोणी काडी ओढली तरी बाबांना ती दिसते, तसेच हे आहे.

ल्युमिनॉल या असा उजेड देणाऱ्या जुन्या रसायनाचा निळा उजेड 1928 पासून नोंदलेला आहे, पण त्याच्या शंभर रेणूंतून जेमतेम एक प्रकाशकण हाती लागतो. मी काम करते ते डायऑक्सिटेनवर: दोन कार्बन आणि दोन ऑक्सिजन यांची ताणलेली चौकोनी कडी, जी शेजारच्या अ‍ॅडमँटेनच्या अवजड पिंजऱ्यामुळे टिकून राहते आणि विकराने फॉस्फेट काढून घेताच तुटून उजेड देते. पाण्यात मात्र तो उजेड फार मंदावतो. तेल अवीव विद्यापीठातील दोरोन शबात यांच्या गटाने 2017 मध्ये रेणूला अ‍ॅक्रिलेट नावाचा अणुगट जोडून तो उजेड सुमारे 3000 पटींपर्यंत वाढवला, तेव्हापासून आमच्या क्षेत्राला नवी उमेद आली.

माझी चिंता मात्र वेगळी आहे. रेणू विकराची वाट न पाहता आपणहून तुटू लागला, तर नसलेले टीएसएचही आहेसे दिसते, आणि उष्णतेने हे तुटणे वाढते. असे अभिकर्मक साधारणतः 2 ते 8 अंशांत ठेवावे लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, वीज जात-येत असताना, तालुक्याच्या छोट्या प्रयोगशाळेने ते कसे सांभाळावे? म्हणून अधिक तेजस्वी रेणूपेक्षा उन्हाळा सोसणारा रेणू मला मोलाचा वाटतो, आणि तोच घडवण्याचा माझा प्रयत्न आहे.

आई, केसांसाठी तू घेतेस त्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असेल, तर डॉक्टरांना नक्की सांग. अनेक किटमध्ये प्रतिपिंड बायोटिननेच बांधलेले असते, त्यामुळे जास्त मात्रेने टीएसएच खोटे कमी दिसू शकते. पुढच्या तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेव.

तुमची लेक