आईची तपासणी, सईची लस

ती. आई-बाबांना,
सा. न.

"पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आता कसली तपासणी?" या आईच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहिते आहे. दोघांनीही वाचा.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. धोक्याचे त्यातले चौदाएक, आणि १६ व १८ हे दोनच साधारण ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात. संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि दोनेक वर्षांत बहुधा आपोआप जातो. जो ठाण मांडून बसतो, तो पेशीचे दोन राखणदार निकामी करतो. त्याचं ई६ हे प्रथिन पी५३ला संपवतं, ई७ आरबीला अडकवून ठेवतं. मग बिघडलेली पेशी वाढतच राहते. पण कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात. म्हणजे चाळिशीत बसलेला विषाणू साठीत त्रास देऊ शकतो. पाळी गेल्याने तो जात नाही.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर "हे आलं कुठून?" असा प्रश्न घरात निघायला नको. कधीचा, कोणाकडून, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. शिवाय हाच विषाणू पुरुषांना घशाचा कॅन्सरही देतो.

आई, डॉक्टरांकडे "एचपीव्ही डीएनए" चाचणीच माग. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पांढरे डाग बघायची तपासणी तुझ्या वयात फारशी उपयोगाची नाही, कारण जिथे बिघाड सुरू होतो तो भाग पाळी गेल्यावर आत ओढला जातो आणि दिसतच नाही. डीएनए चाचणीला नुसता स्वॅब पुरतो. लाज वाटत असेल तर काही ठिकाणी तो आपला आपल्याला घेता येतो, विचारून बघ. आधीचे दोन दिवस आत कुठलंही क्रीम किंवा गोळी नको. कोरडेपणामुळे दुखण्याची भीती असेल तर लहान स्पेक्युलम (आतलं बघायला लावतात ते उपकरण) वापरा म्हणून आधीच सांग. हे सांगायला बायका उगाच संकोचतात.

१६ किंवा १८ निघाला तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बघणं. बाकीच्यांपैकी निघाला तर सहसा आधी पॅप, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, आणि ती नॉर्मल असली तर वर्षाने पुन्हा चाचणी. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सरच्या आधीची पायरी सापडली तर तेवढाच भाग काढतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी पाठवतात. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला होता. २००९ साली त्याचा निकाल आला: एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच!

मात्र अंगावर लाल जायला लागलं, अगदी डाग दिसला तरी, चाचणी निगेटिव्ह आहे म्हणून बसू नकोस. त्याच आठवड्यात दाखव.

आता सई. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. तिच्यात विषाणूचं नुसतं रिकामं कवच असतं, त्यामुळे लसीने संसर्ग होत नाही. सई तेरा वर्षांची आहे, म्हणून दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन लागतात, त्यामुळे वहिनीला "दहावीनंतर बघू" म्हणू देऊ नका. आधीच झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून लवकर दिलेलीच बरी. मुलांनाही चालते, तेव्हा ओमलाही द्या.

लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, गोठली तर वाया जाते. बाहेरून विकत आणून नेऊ नका, जिथे टोचायची तिथलीच घ्या. टोचल्यावर पंधरा मिनिटं सईला बसवून ठेवा, या वयाच्या मुलींना चक्कर येते. आणि उपाशीपोटी नेऊ नका.

आई, पहिल्या रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची,
मीनल