पंप कोणत्या कप्प्यात आहे?

सातारा,
१८ डिसेंबर २०२५

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

राजूदादा उद्या पहाटे पुण्याला निघणार आहे. आईने केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तो तुझ्याकडे पोचवील, आणि त्या डब्यासोबतच हे पत्र देत आहे. खरे तर फोनवर बोललो असतो. परंतु रविवारपासून तू फोन करतेस तो आईला, आणि "बाबा बरा आहे ना" एवढे तिलाच विचारून ठेवून देतेस. तेव्हा लिहिणे बरे.

रविवारी रात्री तू झोपल्यावर मी राजगड-तोरणा-रायगडाच्या पायी सफरीसाठी भरलेली तुझी नवी सॅक उघडली आणि तिच्यातील सामान माझ्या मनाप्रमाणे लावून ठेवले, हे माझे चुकले. तेवीस वर्षांच्या मुलीच्या सामानाला तिला न विचारता हात लावू नये, एवढे मला कळायला हवे होते. सकाळी तू चहा न घेता निघालीस आणि जिन्यावरून "बाबा, मी आता सात वर्षांची नाही" असे म्हणालीस, ते मला लागले. मात्र ते का लागले याचे कारण तुला वाटत असेल ते नाही. त्याविषयी पुढे लिहीन, किंवा कदाचित लिहिणार नाही.

सॅक तू उत्तम भरली होतीस, हे आधी सांगतो. झोपण्याची पिशवी तळाशी, शिधा आणि भांडी मध्यावर पाठीला चिकटून, कपडे त्यांच्या भोवती. जड सामान पाठीलगत असले की सॅक माणसाला मागे ओढत नाही, हे मी तुला कधी शिकवल्याचे आठवत नाही. तू ते स्वतःच कुठूनतरी शिकलीस, हे पाहून त्या रात्री मी दिवाणखान्यात एकटाच हसलो. मग मी औषधांची निळी पिशवी शोधू लागलो. दिव्याच्या उजेडात, दोन्ही हात मोकळे असताना, धाप लागलेली नसताना, ती सापडायला मला चार-पाच मिनिटे लागली. स्वेटर आणि मॅगीची पाकिटे यांच्या खाली ती होती, आणि तिच्यात, स्पेसरच्या, म्हणजे फवारा ओढून घ्यायच्या, नळकांड्याला रबर लावून जोडलेला, तुझा दम्याचा पंप होता.

पंपाविषयी एकदाच लिहीन असे आईला कबूल केले आहे. तेव्हा ते इथे संपले असे समज.

तुला आजीची चंची आठवते का? पाने, चुना, कात, सुपारी, अडकित्ता, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात घडी घातलेल्या नोटा. वीज गेलेली असली तरी गप्पांत खंड पडू न देता ती नुसत्या बोटांनी चुन्याची डबी काढत असे, कारण चाळीस वर्षे ती डबी त्याच कप्प्यात होती. त्याच वेळी तुझे आजोबा काडेपेटीसाठी अख्खे घर धुंडाळत असत आणि दर वेळी ती वेगळ्या ठिकाणी सापडत असे. सॅक भरण्याची जी काही विद्या आहे ती मला आजीच्या चंचीत दिसते. लहान वस्तूची जागा एकदा ठरवावी आणि ती बोटांना पाठ होईपर्यंत बदलू नये. घाटमाथ्यावर तुम्हांला जो वाटाड्या भेटेल त्याच्याकडेही नीट पाहा. त्याच्यापाशी सॅक नसते, पण कमरेमागच्या आकडीत कोयता असतो आणि तो काढायला त्याला मागे वळून पाहावे लागत नाही.

आम्ही मात्र या बाबतीत अगदी अडाणी होतो. १९९१ च्या पावसाळ्यात आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावरून टोलार खिंडीकडे उतरत होतो. माझी सॅक कॅनव्हासची होती, तिला एकच मोठे तोंड होते, आणि जे शेवटी लागेल ते आधी आत जात असे. विजेरी सर्वांत खाली होती, कारण ती रात्री लागणार आणि रात्री तर आपण खिंडीच्या खाली खिरेश्वरात असणार, असा आमचा हिशेब होता. अंधार आमच्या आधी खिंडीत उतरला. कातळावर, धो धो पावसात, मी सॅक उपडी केली तेव्हा दोन किलो बटाटे टणाटणा उड्या मारीत दरीत गेले, आणि विजेरी हाती आली ती विझलेली. आतल्या आत दाबली जाऊन ती दिवसभर जळत राहिली होती. ती रात्र आम्ही खिंडीत एकमेकांना चिकटून कुडकुडत काढली. बंडूकाका ही गोष्ट सांगताना दरवर्षी बटाट्यांची संख्या वाढवतो, पण त्यानंतर त्याने एक सेल उलटा घातल्याशिवाय विजेरी सॅकमध्ये ठेवलेली मी पाहिली नाही. तुझी विजेरी डोक्याला बांधण्याची आहे. तिला बटण बंद करून ठेवण्याची सोय असेल तर ती वापर, आणि नसेल तर सेल काढून विजेरीसह एकाच लहान पिशवीत ठेव. जादा सेल दुसऱ्या कप्प्यात आणि विजेरी तिसऱ्या कप्प्यात असेल, तर दोन्ही नसल्यासारखीच.

आता तू म्हणशील की विजेरी आणि औषधे वरच्या टोपणाच्या कप्प्यात ठेवते, म्हणजे झाले. माझेही पुष्कळ वर्षे तेच मत होते. परंतु टोपणाचा कप्पा वर असला तरी तो पाठीमागे असतो. सॅक उतरवल्याशिवाय किंवा कोणाला तरी "जरा माझ्या सॅकमधून काढ" असे सांगितल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. थांबल्यावर लागणाऱ्या गोष्टींसाठी ती जागा चांगली आहे. विजेरी, रेनकव्हर, पट्ट्या, सेफ्टी पिना आणि तो स्पेसर तिथेच राहू दे. चालताना लागणाऱ्या गोष्टी मात्र कमरपट्ट्याच्या दोन कप्प्यांतच हव्यात, जिथे सॅक पाठीवर असताना एका हाताने पोचता येते. तू डावखुरी आहेस, हे सॅक विकणाऱ्याला ठाऊक नसते. तुझा महत्त्वाचा कप्पा डावा. त्या कप्प्याच्या चेनला नाडीचा एक लांब फास बांधून टाक, कारण डिसेंबरच्या पहाटे राजगडाच्या पद्मावती माचीवर बोटे इतकी बधिर होतात की चेनची ती इवलीशी जीभ चिमटीत सापडत नाही. पाण्याची बाटली बाजूच्या जाळीत पुढच्या बाजूला तिरपी खोचून बघ. सरळ उभी ठेवलेली बाटली चालताना स्वतःची स्वतःला काढता येत नाही, आणि मग माणूस तहान लागूनही कंटाळ्याने पीत नाही. राजगडाच्या आळू दरवाजातून उतरल्यापासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतच्या धारेवर पाण्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून पिण्याचा कंटाळा तिथे परवडणार नाही.

शिट्टी विकत घेऊ नकोस. तुझ्या छातीच्या पट्ट्याच्या बकलातच ती आहे. मी वाजवून पाहिली, आणि त्याबद्दलही क्षमस्व. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा वेळा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचे असते. ओरडायला दम लागतो. शिट्टीला त्या मानाने पुष्कळच कमी लागतो.

दमाचा विषय मी काढणार नव्हतो.

काढलाच आहे तर पुरा लिहितो. पंप कमरपट्ट्याच्या कप्प्यातही नको, असे माझे मत रविवारनंतर झाले आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेने, म्हणजे त्या उभ्या अरुंद घळीने, कोकणात उतरणार आहात. समोर लिंगाण्याचा सुळका दिसतो, सगळ्यांचे लक्ष तिकडे असते, आणि पायांखाली घरंगळलेले धोंडे असतात. तिथे दोन्ही हात दगडांवर लागतात, आणि एखाद्या अवघड जागी सॅक उतरवून खालच्या माणसाच्या हाती दिली जाते. त्या क्षणी कमरपट्टा, त्याचा कप्पा आणि त्यातले सगळे सॅकबरोबर खाली गेलेले असते आणि तू वर असतेस. सॅक ही सदैव पाठीवरच असते असे आपण धरून चालतो. ती ज्या वेळी नसते, त्याच जागा नेमक्या अवघड असतात. म्हणून पंप अंगावर हवा. पूर्वीची माणसे किमती वस्तू कनवटीला लावत असत, त्यांचे गाठोडे हरवले तरी कनवट हरवत नसे.

आता ते कारण. २००९ च्या जानेवारीत आपण मामाकडे पुण्याला गेलो होतो आणि आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढत होतो. तुला त्यातले ताक आठवते आणि दगडावर बसलेली एक मावशी आठवते, असे तू नेहमी सांगतेस. तू अर्ध्या वाटेवर खाली बसलीस तेव्हा पंप मामाच्या पिशवीत होता आणि मामा पुढे जाऊन पिठले-भाकरी सांगायला गडावर पोचला होता. मी धावलो. वर जाऊन खाली येईपर्यंत सव्वीस मिनिटे लागली, हे मला ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी घड्याळ पाहण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. आईने घाबरून तुला मांडीवर आडवे घेतले होते. त्या ताकवाल्या मावशीने तिला बाजूला सारून तुला बसते केले, किंचित पुढे झुकवले आणि पाठीवर हात ठेवून ती तुझ्याबरोबर मोजत राहिली. मी पोचलो तेव्हा तुझे ओठ ज्या रंगाचे होते तो रंग मी इथे लिहीत नाही.

तुला माहीत नाही ते एवढेच की, पंप मामाच्या पिशवीत मामाने ठेवला नव्हता. आईने तो सकाळी तुझ्या स्वेटरच्या खिशात घातला होता. खिसा फुगलेला दिसतो, पंप पडेल, हरवेल, असे म्हणून तो तिथून काढून मामाच्या पिशवीत "नीट" ठेवणारा मी होतो. सामान न विचारता हलवण्याची माझी खोड जुनी आहे. त्यानंतर सहा महिने आईने माझ्यासमोर गड हा शब्द उच्चारला नाही, आणि मीही तुला कुठे नेले नाही. तू पुन्हा चढू लागलीस ती कॉलेजात, आमच्या नकळत, आणि मला कळले ते राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा तुझा फोटो पाहून. त्या फोटोची एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तू ती पाहिली असशीलच, पण बोलली नाहीस.

हे पत्र शाळेतल्या तासासारखे झाले आहे, असे आई खांद्यावरून वाचून म्हणते. तिचे खरे आहे आणि मी थांबतो. फक्त बरोबरच्या दोघींना पंप कुठे आहे ते निघण्यापूर्वी दाखवून ठेव, सांगून नव्हे. दम लागलेल्या माणसाला एक वाक्य पुरे बोलता येत नाही. त्या वेळी "डावीकडे, शर्टाच्या आत" एवढेही शब्द फार होतात. मुक्कामाच्या घरी चूल पेटलेली असेल तर धुरापासून दूर झोप, आणि थंडीत पंप झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ घे, कारण गारठलेल्या डबीतून फवारा नीट येत नाही. टोपण लावल्याशिवाय तो खिशात टाकू नकोस. तोंडाच्या नळीत नाणे किंवा चॉकलेटचा कागद शिरतो. जाण्यापूर्वी एक फवारा हवेत सोडून पाहा. हे सगळे डॉक्टरांनी तुला सांगितलेलेच आहे आणि तू ते माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. मी ते तुझ्यासाठी लिहीत नसून बहुधा स्वतःसाठी लिहीत आहे.

मोहरीच्या बाजूला फोन लागेल न लागेल, तेव्हा रायगडाहून परतताना महाडला पोचलीस की कळव. आईला कळव, चालेल. ती मला सांगेल.

तुझा,
बाबा

ता. क. आईने आजीच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्याची एक लहान पिशवी शिवली आहे. ती गळ्यात घालण्याची आहे आणि तिची नाडी तुझ्या मापाने ठेवली आहे. पंप तिच्यात बसतो. मी माझ्या चष्म्याच्या डबीने अंदाज घेतला, तुझ्या पंपाने नव्हे. रंग आवडला नाही तर शर्टाच्या आत घाल. डब्यात ती लाडवांच्या वर ठेवली आहे, खाली नाही.