बॉक्सकॅब इंजिनाचं छतही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला मॉडेल रेल्वेवरचा लेख वाचला. ज्याला पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने इंजिन बनवायचं आहे त्याने बॉक्सकॅबपासून, म्हणजे सरळ पेटीसारख्या इंजिनापासून, सुरुवात करावी, हे लेखातलं मत मला पूर्ण पटलं. बॉयलरची गोलाई नाही, पुढे आलेलं नाक नाही. सरळ भिंती आणि बहुतेकदा दोन्ही टोकांना चालकाची जागा. पण लेखासोबतचे सगळे फोटो बाजूने काढलेले होते आणि छताची बोळवण ‘वर झाकण बसवा’ एवढ्यावर झाली होती. माझी सगळी नोकरी यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून मी एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, बॉक्सकॅबच बनवत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, या इंजिनाचं सगळ्यात जास्त काम छतावरच असतं.

खरं इंजिन आपण खालून पाहतो, त्यामुळे त्याचं छत फारसं कुणाच्या नजरेला पडत नाही. मॉडेल टेबलावर असतं आणि पाहणारा उभा असतो. त्याला आधी छतच दिसतं. शिवाय बॉक्सकॅबच्या भिंतींमागे काय दडलंय याचा पत्ता छतावरूनच लागतो.

सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं १००० क्रमांकाचं इंजिन घ्या. अमेरिकेत मालवाहू यार्डात खऱ्या अर्थाने टिकलेलं हे पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक. १९२५ सालचं, ६० टनांचं, अवघ्या ३०० अश्वशक्तीचं. डिझेल इंजिन इंगरसोल-रँडचं, विजेची यंत्रणा जनरल इलेक्ट्रिकची, सांगाडा अल्कोचा. न्यूयॉर्क शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी आणणारा कायदा १९२३ मध्ये झाला होता आणि ब्रॉन्क्समधल्या यार्डाला धूर न ओकणारं इंजिन हवं होतं. तिथे ते १९५७ पर्यंत राबलं. आज बाल्टिमोरच्या बी अँड ओ रेल्वे संग्रहालयात आहे. बाजूने पाहिलं तर खिडक्या-दारांची साधी भिंत. वर पाहिलं तर पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या नळ्या मांडलेल्या. ज्याने हे छत पाहिलंच नाही तो ते मॉडेल बनवणार कसं?

विजेवर चालणाऱ्या बॉक्सकॅबचं छत तर आणखी बोलकं. न्यू हेवन रेल्वेची १९०७ च्या सुमाराची इंजिनं ११,००० व्होल्टच्या तारेखाली धावायची आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाकडे जाताना बाजूच्या वीजवाहक तिसऱ्या रुळावरून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज घ्यायची. सांध्यांच्या गुंतागुंतीत जिथे तिसऱ्या रुळात खंड पडायचा तिथल्यासाठी छतावर आणखी एक छोटा पेंटोग्राफ, म्हणजे वरून वीज घेणारी चौकट, होता. तो मोठ्या पेंटोग्राफशेजारी दिसला की जाणकाराला त्या इंजिनाची वाट कळते. मिलवॉकी रोड या अमेरिकी रेल्वेची १९१५ ची जोडइंजिनं ३,००० व्होल्ट डीसीवर माँटॅनाचे डोंगर चढायची. तिथली वीज १९७४ मध्ये बंद झाली तेव्हाही त्यांतली काही, फेरफार होऊन का होईना, कामावर होती.

ही झाली अस्सल इंजिनांची गोष्ट. आपल्या मनातल्या रेल्वेसाठी, प्रत्यक्षात कधीच नसलेलं इंजिन बनवताना छताला आणखी महत्त्व येतं. पुष्कळ जण तयार चॅसिस घेतात, त्यावर बेताची पेटी चढवतात आणि उरल्यासुरल्या भागांच्या डब्यातले तुकडे छतावर जागा दिसेल तिथे चिकटवतात. ते मला बघवत नाही. मी आधी कागदावर आतलं इंजिन काढते. डिझेल इथे, जनरेटर त्याला लागून. मग धुराचं नळकांडं डिझेलच्या वरच येणार, चालकाच्या डोक्यावर नाही. दुरुस्तीसाठी डिझेल क्रेनने वर उचलावं लागणार, म्हणून छताचा तो भाग सुटा हवा, डिझेलपेक्षा लांब हवा, आणि त्याच्या कडेने बोल्टची रांग हवी. चाकं घसरू नयेत म्हणून वाळू त्यांच्यासमोर पडते, तेव्हा ती भरायची झाकणं बोगींच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, वर. शिट्टी आणि घंटा चालकाच्या जवळ, कारण त्यांची नळी किंवा दोरी त्याच्या हातापर्यंत यायची आहे. एवढं ठरलं की भिंतीवरच्या जाळ्या आणि खिडक्या आपोआप जागेवर बसतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण इंजिन खरं वाटतं.

करायची रीत थोडक्यात लिहिते. दीड मिलिमीटर जाडीच्या स्टायरीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्याच्या, कमानदार फासळ्या कापायच्या आणि त्यांवर पाव मिलिमीटरचे दोन थर एकावर एक चिकटवून रात्रभर पट्टीने आवळून ठेवायचे. सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणारा द्राव, कमीच वापरायचं आणि आतल्या आडव्या पट्ट्यांना भोकं ठेवायची. वाफ आत कोंडली तर छत महिन्यांनंतरही वाकतं. खऱ्यातल्या २५ मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं या मापात जेमतेम ०.३ मिलिमीटर होतं, ते थर चिकटवण्याआधीच बोथट सुईने मागून उठवायचं. रेडिएटरला तेवढ्याच जाडीची पितळी तार. सरळ तार हवी असेल तर एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरं पकडीने ताणायचं. ती किंचित लांबते आणि ताठ होते. अख्खं छत पितळेचं करण्याचा मोह मात्र टाळावा. वजन वर गेलं की वळणावर इंजिन डुलतं. शिसं खाली, बोगींच्या मधोमध, दोन्हीकडे समतोल. छत काढता येईल असंच ठेवावं, मोटर आणि डिकोडरपर्यंत, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटपर्यंत, हात जायला हवा. सांधा पन्हळीच्या पट्टीखाली लपतो.

तेव्हा विनंती अशी, की या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा बाजूच्या चित्राबरोबर छताचं आणि टोकाचंही रेखाचित्र द्या. जमल्यास ते १:८७ मध्येच छापा. खऱ्यातला एक मीटर कागदावर साडेअकरा मिलिमीटर होतो, म्हणजे असं छोटं इंजिन आपल्या दोन स्तंभांत आरामात मावेल. सोबत ५० मिलिमीटरची मापपट्टीही छापा. छपाईत चित्र थोडं लहान-मोठं झालं तरी वाचकाला ते तपासता येईल आणि स्टायरीन थेट चित्रावर ठेवून खुणा करता येतील.

आपली,
एक नियमित वाचक