नुसतेच देखणे गेम

गाजलेल्या व्हिडिओ गेमचे पुढचे भाग दिवसेंदिवस देखणे होत चालले आहेत. खेळायला मात्र कंटाळवाणे. नुकताच असा एक भाग साडेतीन हजार रुपये मोजून घेतला. डाउनलोडच शंभर जीबीच्या वर! पावसात भिजलेल्या कोटाची शिवण अन् शिवण दिसते, पण शत्रू भिंतीकडे तोंड करून ढिम्म उभा.

दुखणे तसे जुनेच. २००४ सालच्या 'डूम ३'मधल्या सावल्यांनी डोळे दिपले होते; पण त्या काळोखात बॅटरी हातात घेतली की बंदूक खाली ठेवावी लागे. २०१२च्या आवृत्तीत ती बॅटरी एकदाची चिलखतावर बसवली. उलट २००४ मध्येच आलेल्या 'हाफ-लाइफ २'मध्ये ग्रॅव्हिटी गनने, म्हणजे वस्तू खेचून फेकणाऱ्या बंदुकीने, करवतीचे पाते उचलून भिरकावण्यातच सगळी गंमत होती.

आमच्या सोसायटीतली मुले सुट्टीत जुनेच भाग लावून बसतात. नवा म्हणे 'बघायला भारी' आहे. बघायचेच तर सिनेमा काय वाईट? तिकीट तरी स्वस्त पडते. आपल्या वृत्तपत्राने गेमचे परीक्षण छापताना चित्रांच्या कौतुकाआधी तो खेळायला कसा आहे, तेवढे सांगावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे